हिरव्या दाराचा बाण

—हिरवंच आहे ते. उन्हाने निळं दिसतंय. तू आत ये आधी, दारात उभी राहून रंग कसले बघतेस — आणि ती पाठीवरची गोणी उतरव, बाई गं, केवढी आहे, तुझ्यापेक्षा उंच! आत काय, आख्खं घर भरून आणलंस? बस. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय भरवशाचा नाही, ह्या बाकावर बस. पंखा लावते. फिरेल, फिरेल, जरा वेळ दे त्याला, आमच्या ह्यांच्यासारखा आहे तो, आधी कुरकुरतो, मग उठतो. घामाने नुसती निथळतेयस. बसस्टँडवरून चालत आलीस? ह्या उन्हात? इथलं ऊन काय असतं कुणी सांगितलं नाही वाटतं तुला. दुपारी इथे कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत, आणि तू आलीस ते पर्वत पाठीवर घेऊन. पाणी पी. उकळलेलं आहे, शपथ, पी.

काय? पाटी? पाटीवर 'निळं दार' लिहिलंय? — वाचता येतं होय तुला. मग बोलणंच खुंटलं. बरं बाई, निळं. हे निळं दार. हिरवं दार मागच्या गल्लीत. पण कोपऱ्यावरचा हिरव्या दाराचा बाण इकडे दाखवतो की नाही? दाखवतो ना? मग! बाणाला काही अक्कल असेलच की. वारा असतो तिथे कोपऱ्यावर, फिरतो तो वाऱ्याने. तीन महिन्यांपूर्वी फिरला तो फिरलाच. आणि तुमच्या फोनवरच्या नकाशाचं म्हणशील तर त्यात दोन्ही घरांचा ठिपका एकाच जागी पडतो — नेमका आमच्या मधल्या भिंतीत. म्हणजे तुला विटांत राहायचं असेल तर नकाशा अगदी बरोबर आहे.

तर आता आलीच आहेस तर बघून घे. चार खोल्या आहेत माझ्या, एकीत एक जोडपं आहे, तीन रिकाम्या. त्या बघ किल्ल्या लटकताहेत. दोन नंबर घे तू. खिडकी आहे, म्हणजे भिंतीकडे उघडते, पण उघडते. मच्छरदाणीला एकच भोक आहे आणि ते मी शिवणार आहे. पलंग जरा मध्ये खोल आहे — कडेला झोपायचं, नाही तर सकाळी उठताना कुणीतरी ओढून काढावं लागतं. पाली आहेत दोन, त्या भाड्यात धरलेल्या नाहीत, त्या फुकट. पाणी सकाळी येतं, भरून ठेवायचं. आता तू म्हणशील हिरव्या दारात काय असतं — तर तिकडे जाऊन बघूसुद्धा नकोस. ढेकूण! एवढाले. तूच वाचलं असशील ना त्या फोनवर, खाली लोक लिहितात त्यात? वाचलंस? बघ. मी म्हणतेय का? लोक म्हणताहेत. आणि मालकीण म्हणशील तर नाकावर माशी बसू देत नाही. हसते खूप. पण हसणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवू नये, दात दाखवायचं काम असतं नुसतं.

ओळखते म्हणजे काय! माझी जाऊ आहे ती. धाकटी. हे सगळं एकच घर होतं गं, आठ खोल्यांचं, आमच्या सासूबाईंनी उभं केलेलं, त्या वेळी ह्या गावात पाठीवर गोणी घेतलेलं माणूस दिसलं की लोक चोर समजायचे, आणि सासूबाई त्याला घरात घ्यायच्या. आम्ही दोघी सुना आलो आणि पाहुण्यांतच वाढलो म्हण. मी स्वयंपाक, ती खोल्या. मी ओरडायचं, तिने हसायचं. बरं चाललं होतं, खोटं कशाला बोलू. मग तो म्हातारा आला. फुलपाखरं पकडायला आला होता, जाळी घेऊन, महिनाभर राहिला. पोट बिघडलं त्याचं दुसऱ्याच दिवशी — मी त्याला महिनाभर पातळ करून, मऊ करून, वेळेवर जेवायला घातलं, ताट घेऊन जिने चढले. आणि जाताना पाहुण्यांच्या वहीत त्याने काय लिहावं? 'ह्या घराचा जीव म्हणजे ती हसरी बाई.' एवढंच. नाव नाही, गाव नाही. मी संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि ती पदराला हात पुसत म्हणाली, माझ्याबद्दल असेल. असेल! शांतपणे! एका महिन्याची माझी पातळ ताटं, आणि हिच्याबद्दल असेल!

हसतेयस तू. हस. तेव्हा कुणी हसलं नाही. मी म्हटलं, वहीतून ते पान फाडते. ती म्हणाली, फाडा. मी म्हटलं, मग फाडतेच. मग तिने वही उचलली आणि खोलीत नेऊन ठेवली, आणि शब्दाला शब्द वाढत गेला — तिने माझ्या हाताची चव काढली, मी तिच्या माहेरचं काढलं, आणि महिन्याभरात मध्ये भिंत. आमचे हे आणि माझा दीर, दोघांनी मिळून बांधली. भांडण त्यांचं नव्हतंच ना, त्यामुळे गप्पा मारत मारत बांधली, कंबरेएवढी झाली तेव्हा दोन बाजूंना बसून दुपारचं एकत्र जेवलेसुद्धा, ह्याचं ताट तिकडे, त्याचं इकडे. मग वरच्या विटा लावल्या. जिना आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं, समुद्राकडच्या खिडक्या तिच्याकडे. तिने दार हिरवं रंगवलं म्हणून मी निळं रंगवलं. नाही — मी आधी रंगवलं. कुणी आधी रंगवलं ते राहू दे. नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत आम्ही एकमेकींशी एक अक्षर बोललेलो नाही.

दीर गेला तेव्हा गेले होते की. जाऊन बसले. तिने पाणी दिलं, मी प्यायले. तास-दोन तास बसलो दोघी समोरासमोर. उठून आले. बोलायचं काय त्यात? एवढा साधा माणूस होता — बांधलेली भिंत ओळंब्यात नाही, तिरकी झालीय, म्हणून रोज खंत करायचा. आणि अगदीच काही निरोप असला तर पाहुणे असतात. तुझ्यासारखे. त्यांना सांगायचं, मागच्या बाईंना म्हणावं तुमच्या टाकीचा पाइप गळतोय. ते जातात, सांगतात, तिकडून निरोप आणतात, पाइपाला कापड बांधलंय, लोभ नसावा. असं मस्त चाललेलं असतं. टपालखात्यापेक्षा बरं.

ऐक, ऐक — ऐकलंस? चर्रर्र. भिंतीपलीकडून. चिकटपट्टीचा आवाज आहे तो, तो खाकी रोल असतो ना, दाताने तोडतात तो. तीन दिवस चाललंय. चर्रर्र, तोडलं, चर्रर्र, तोडलं. काहीतरी शिजतंय तिचं. मला वाटतं पोस्टरं बनवतेय. बसस्टँडवर चिकटवणार, माझे पाहुणे पळवणार. आता मी कान देऊन बसते असं नाही हं, पण भिंत एका विटेची आहे, खोकलीस तर औषध इकडून देता येईल. जिना माझ्याकडे आला म्हणून तिने बाहेरून लोखंडी लावून घेतलाय, त्यावर पाऊल पडलं की टण् वाजतं — तिच्याकडे किती पाहुणे आले, कधी आले, मला इथे भाजी चिरता चिरता कळतं. हल्ली काही वाजत नाही. महिना झाला असेल. एकच वाजतं, टण् — मग थांबतं — मग टण्. ते तिचंच. डावा गुडघा धरलाय तिचा. वर कशाला चढते कोण जाणे, रिकाम्या खोल्या झाडायला! कुणी नाही त्यांत, तरी रोज झाडते. आधीपासून तशीच वेडी.

बरं, ते जाऊ दे, तुझं बोल. दहा दिवस म्हणालीस ना? काढ वही, नाव लिही. काय? — बुकिंग तिकडचं आहे? कळलं मला, तिकडचं आहे, पण तिकडे ढेकूण आहेत हे कळल्यावरही — नाही? मग काय? तिने काय पाठवलंय? निरोप? दाखव. मला नको दाखवूस, चष्मा कुठे ठेवलाय देव जाणे, तूच वाच. मोठ्याने वाच, पंखा आता बोलायला लागलाय.

'रविवारनंतर—'

परत वाच.

कायमचं बंद म्हणजे काय? 'हिरवं दार कायमचं बंद, मी मुलीकडे राहायला जात आहे.' मुलीकडे! मुलगी दोन खोल्यांत राहते, तिसऱ्या मजल्यावर, हिचा गुडघा हा असा, ही तिथे करणार काय? नातवंडांची दप्तरं उचलणार? ह्या बाईला आयुष्यात कधी बसून राहता आलेलं नाही. आणि बंद का? चांगलं चाललं होतं की. गेल्या वर्षी बघ, टण् टण् टण् टण्, मला झोपू देत नव्हते मेले. चांगलं चाललं होतं. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत चांगलं—

पंखा बंद कर जरा. नको, राहू दे. राहू दे.

म्हणजे ती चिकटपट्टी. खोकी बांधतेय. आणि मी पोस्टरं समजले! आणि आमचे हे! त्यांना ठाऊक असणार, सोळा आणे ठाऊक असणार, ते जातात ना तिकडे, फ्यूज बघायला म्हणून — आठवड्यात कितीदा फ्यूज जातो गं एखाद्या घराचा? आज सकाळी दोनदा घसा खाकरला त्यांनी. मी म्हटलं, काय आहे? तर म्हणे, काही नाही, आभाळ येतंय. आभाळ! येऊ दे आता त्यांना घरी, दाखवते आभाळ.

पुढे काय लिहिलंय? अजून आहे ना काहीतरी, तू मध्येच थांबलीस. वाच. 'तुम्हाला चार दिवस देऊ शकते, पुढच्या सहा दिवसांसाठी शेजारी निळ्या दारात विचारा.' हं. 'तिथल्या बाई—' काय? अडखळू नकोस. 'तिथल्या बाई बोलायला जरा तिखट आहेत, पण पाहुण्याचं पोट बिघडलं तर आईसारखं करतात. त्यांच्याकडे असलात तर मला तुमची काळजी वाटणार नाही.'

खोटं. तू बनवून वाचतेयस. दाखव, कुठे लिहिलंय ते? हे? ह्या बारीक मुंग्या? तिने लिहिलं असं? स्वतःच्या हाताने?

...पाणी दे गं मला जरा. त्याच तांब्यातलं. चालेल.

तुला सांगते, रडत नाहीये मी, घाम आहे. इथे सगळ्यांना डोळ्यांतून येतो. — तर बाण. वाऱ्याने नाही फिरला तो. वाऱ्याची काय बिशाद, आमच्या ह्यांनी ठोकलेला खिळा आहे. मी सैल केला. तीन महिन्यांपूर्वी, सगळे वामकुक्षीला पडले होते, मी स्टूल घेऊन गेले कोपऱ्यावर. कारण? कारण त्या दिवशी माझ्या चारही खोल्या रिकाम्या आणि तिच्या जिन्यावर नऊ जणं चढली. नऊ! मोजले मी. म्हटलं दोन-चार आले चुकून इकडे तर काय बिघडतं, तिला तरी कुठे उरक आहे एवढ्यांचा, गुडघा आहे तसला. बिघडलं हे. आणि ते ढेकणांचंही — ते एका दाढीवाल्याकडून मीच लिहून घेतलं, त्याचे दोन दिवसांचे कपडे धुऊन दिले त्याबद्दल. काय कपडे होते ते, त्यात शिक्षा झालीच म्हण मला. ढेकूण नाहीत तिच्याकडे. एक नाही. गाद्या आठवड्याला उन्हात टाकते, काठीने बडवते, आवाज येतो ना मला. खिडकीतून वारा असा येतो की पंखा लावावा लागत नाही. मी तिथे झोपायचे पूर्वी, दुपारची, तिच्या शेजारी, काम आवरलं की. ती मला ताई म्हणायची. ताई, सरका जरा, म्हणायची. नऊ वर्षांत मला कुणी ताई म्हटलेलं नाही.

मी जाऊन सांगू? काय सांगू? बाई गं, तुझा बाण मीच फिरवला, तुझा धंदा बसवला मी, पण तू जाऊ नकोस — नऊ वर्षांनी पहिलं वाक्य हे? सोपं वाटतं तुला. तुम्हाला काय, आज इथे, उद्या तिथे, भांडण झालं की पुढच्या बसमध्ये बसायचं. आम्हाला एकाच विटेच्या दोन बाजूंना मरायचंय. म्हणजे मला वाटत होतं तसं. ती तिकडून ऐकतेय, मी इकडून ऐकतेय, असंच. ती गेली तर मी काय रिकाम्या भिंतीला कान लावून बसू?

थांब. थांब थांब थांब. रविवारी जाणार ती कशी? घरात पाहुणा असला तर?

सासूबाईंचा नियम होता एकच — घरात एक जरी पाहुणा असला तरी दाराला कुलूप लागायचं नाही. लग्न असो, मयत असो, घर उघडं. हातात हात घेऊन वदवून घेतलंय आमच्याकडून, दोघींकडून, एकदमच. माझ्या भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी एका पाहुण्याचा पाय मुरगळला, जिना उतरता येईना त्याला. मी बांधलेली पेटी सोडायला घेतली. तर ही म्हणाली, ताई, तुम्ही जा, मी बसते. आणि बसली. नटायची किती हौस तिला, साडी काढून ठेवली होती, ती घडी घालून परत ठेवली आणि त्याच्या पायाला शेक देत बसली. आल्यावर मी विचारलं, कंटाळलीस का, तर हसली नुसती. हसरी बाई तीच होती गं. म्हाताऱ्याने तिच्याबद्दलच लिहिलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं, वाचतानाच कळलं होतं. माझं तोंड बघ ना, ह्याला कोण हसरी म्हणेल?

तर ती नियम मोडायची नाही. मी मोडेन एक वेळ, ती नाही. म्हणून चार दिवस दिलेत तुला — तू शेवटची, तू निघालीस की कुलूप. आलं लक्षात? तू निघायचंच नाही. आता तिकडे जायचं, चार म्हणाली तर चार म्हणायचं, मान हलवायची, आणि रविवारी सकाळी पाय मुरगळायचा. कुठला? कुठलाही! डावा मुरगळ, तिचाही डावाच आहे, तिला कळवळा येईल. येतं ना विव्हळता? करून दाखव. — हे काय, मांजरीच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं? पोटातून यायला पाहिजे. हां. हे बरं. दोन जिने चढलीस की आणखी जमेल. तू बरी होईस्तोवर मी माझं ते जोडपं पाठवते, नळ फुटला म्हणून सांगते. नाही फुटला तर फोडते. त्यांच्या मागून आणखी कुणी. एकजण निघायच्या आत दुसरा आत — अशी माणसं पेरते की नाही बघ त्या घरात, कुलूप गंजेल तिचं. खोकी सोडावी लागतील तिला. ताटंच सगळी खोक्यात, तर पाहुण्यांना वाढेल कशात?

आणि मग बघू. भिंत आहे, म्हणजे वाजवता येते. एखाद दिवशी वाजवेन. नाही तर ह्यांनाच सांगते, एवढा फ्यूज बघता तर दोन विटा काढता येतात का बघा. तिरकीच आहे ती, दीर म्हणायचा ते खरं होतं.

ऊठ. ऊठ गं, बसलीस काय! घे ती गोणी, मी मागून उचलते, हं, घाल हात. अरे देवा, खरंच घर आहे की काय आत. बाहेर पडलीस की उजवीकडे, कोपऱ्यापर्यंत. तिथे खांबावर हिरवा बाण आहे, हात पोचेल तुझा, उंच आहेस. नुसता हाताने फिरतो. मागच्या गल्लीकडे कर त्याला आणि खिळा अंगठ्याने दाबून टाक — हा घे, हा दगड घेऊन जा, दोन ठोके घाल चांगले. परत माझ्या हाताने सुटायला नको.

आणि मी पाठवलं असं सांगायचं नाही. अजिबात नाही. विचारलंच तिने, की निळ्या दारात का नाही राहिलीस, तर सांग, तिकडे जागा नव्हती.

दिसतंय मला, तीन किल्ल्या आहेत. मलाही मोजता येतं. जागा नाही म्हटलं ना? नीघ आता.